बाईसाहेब नर निघाल्या

५ जानेवारी, सोमवार

चि. ठकूस,

हे पाकीट न फोडता परत पाठवू नकोस. यात माझ्याबद्दल एक अक्षर नाही. गेल्या वर्षी दोन पत्रं परत आली ती माझ्याबद्दल होती, शिवाय पाकिटावर तुझ्या नावाआधी सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं होतं, म्हणजे ती परत यायच्याच लायकीची होती. या वेळी पाकीट तुझ्या आत्याकडून तपासून घेतलं आहे. "दादा, आत उपदेश असेल तर मी पेटीत टाकणार नाही," असं तिने बजावलंय. उपदेश नाही. पत्र बाईसाहेबांबद्दल आहे.

बाईसाहेबांनी १८ डिसेंबरला कात टाकली. सोळा महिन्यांनी. सकाळी दुकान उघडलं तर उताण्या पडलेल्या, आठही पाय वर. अशा वेळी हात लावायचा नाही, फुंकरसुद्धा घालायची नाही, हे तू मला शिकवून ठेवलं होतंस. म्हणून मी काचेच्या पेटीवर कापड टाकलं आणि भिंतीवरच्या टोलाच्या घड्याळांचे लंबक थांबवून ठेवले. दिवसभर दुकानात चिडीचूप. एक गिऱ्हाईक विचारून गेलं, "कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, कपडे बदलतायत." चारच्या सुमाराला जुनं अंग सुटलं आणि नवीन अंग बाजूला जाऊन धापा टाकत बसलं.

पण ठके, तेव्हापासून त्या त्या राहिलेल्या नाहीत. तू औषधाच्या डबीतून नखाएवढा कोळी आणलास आणि "बाबा, टॅरांट्युला आहे, हळूहळू तुझ्या पंजाएवढी होईल" म्हणालीस, त्याला सात वर्षं झाली. पंजाएवढ्या त्या झाल्या, गुडघ्यांवरचा केशरी रंगही आहे, पण पोट गेलं. एवढंसं उरलंय. पाय मात्र लांबच लांब, उंच स्टुलावर बसवल्यासारख्या दिसतात. पूर्वी शुक्रवारचा नाकतोडा टाकायचा अवकाश, की झडप. आता चार नाकतोडे टाकले, चारही पेटीत मजेत हिंडतायत आणि त्यांच्या अंगावरून बाईसाहेब फेऱ्या मारतायत. सकाळी नऊपासून काचेवर चढायचं, झाकणाला डोकं लावायचं, पडायचं, पुन्हा चढायचं. मध्ये एकदा कोपऱ्यात चादरीसारखं जाळं विणलं आणि दुपारपर्यंत मोडूनही टाकलं. तोंडाशेजारचे दोन लहान हात असतात ना, त्यांची टोकं सुजली आहेत. आणि पुढच्या दोन पायांना आतल्या बाजूने काटा आल्यासारखं काहीतरी आहे. मला वाटतं कातीचा तुकडा अडकलाय. चिमट्याने काढायला गेलो, तर त्यांनी पाय ओढून घेतला. पुन्हा प्रयत्न करू का, तेवढं कळव.

आता एक वाक्य माझ्याबद्दल आलंच. माद्या पंचवीस वर्षं जगतात असं तूच सांगितलं होतंस. मी त्या भरवशावर होतो. म्हटलं, अडीच वर्षं तू बोलली नाहीस, आणखी पाच नाही बोलणार, पण बाईसाहेब इथे आहेत म्हटल्यावर कधी ना कधी तुला न्यायला यावंच लागेल. त्यांना काही झालं तर मग तुला या दुकानात यायचं कारणच राहत नाही. म्हणून घाबरलोय. आत्याला निरोप दिलास तरी चालेल.

बाबा


१९ जानेवारी, सोमवार

चि. ठकूस,

बाईसाहेब नर निघाल्या.

वाक्य चुकलंय हे मलाही कळतंय, पण दोन दिवस झाले, दुसरं जमत नाही. बाईसाहेबांतली बाई काढली की नुसते साहेब उरतात. सात वर्षांची क्रियापदं एका दिवसात कशी बदलायची?

झालं असं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम आहेत, त्यांचं घड्याळ दर दोन वर्षांनी माझ्याकडे येतं. शनिवारी आल्या. मी मागचं झाकण उघडून भिंग डोळ्याला लावलं होतं, तेवढ्यात त्या पेटीपाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे वा! देखणा आहे की हा."

"ही," मी म्हटलं.

"हा."

"मॅडम, सात वर्षं घरात आहे आमच्या."

"असेल ना. सात वर्षं लहान होता. आता वयात आलाय."

मी भिंग काढून ठेवलं. त्यांनी पेनाच्या टोकाने काचेवरून एकेक दाखवायला सुरुवात केली, वर्गात दाखवत असतील तसं. "हे लहान हात बघा. टोकाला बॉक्सिंगचे हातमोजे घातल्यासारखे गोळे आहेत ना? मादीला ते कधीच येत नाहीत, आणि नरालाही शेवटची कात टाकल्यावरच येतात. आता हे पुढचे पाय. आतल्या बाजूला आकडा दिसतोय?"

"तो कातीचा तुकडा आहे. अडकलाय."

"काढायला गेला नाहीत ना?"

मी म्हटलं, "छे." तुला पत्रात लिहून बसलोय म्हणून कबूल करतो, त्यांच्यापुढे खोटं बोललो. ते आकडे म्हणजे ढाल असते. मादीजवळ गेल्यावर तिचे सुळे त्या आकड्यांत अडकवून धरायचे, नाहीतर ती याला खाते. सगळ्या जातींत ते नसतात म्हणे, पण आपल्या जातीत असतात. आणि मी तेच उपटायला निघालो होतो. पोट आटलं, पाय लांबले, खाणं सुटलं, दिवसभर वणवण, हे सगळं त्यातलंच. आजार वगैरे काही नाही, मादी शोधतोय. ती चादर कशासाठी विणली होती तेही त्यांनी सांगितलं, पण ते बापाने मुलीला पत्रातून लिहायचं नसतं.

मला ते पटेना. मी म्हटलं, "मी स्वतः तपासलंय. कात भिंगाखाली घालून." आणि फडताळातून तुझ्या डब्या काढल्या. घड्याळांच्या रिकाम्या डब्यांत तू एकेक कात तारीख घालून ठेवायचीस, तू गेल्यावरच्या मी तशाच ठेवल्या, नऊ आहेत. त्यातली पाच वर्षांपूर्वीची काढली. आठवतं तुला तो दिवस? तू म्हणाली होतीस, "बाबा, मला नर वाटतोय, पण नक्की कळत नाही." मी ती कात साबणाच्या पाण्यात भिजवून काचेवर पसरली, भिंग लावलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, "मुलगी आहे. माझ्या डोळ्याला दिसतं ते खोटं नसतं." तू म्हणालीस पुन्हा एकदा बघूया का, आणि मी डबी बंद केली.

मॅडमनी कात पुन्हा भिजवली. विचारलं, "कुठल्या बाजूने बघितली होती?"

"वरून. तबकडी बघतो तशी."

"म्हणजे बाहेरून. ही आतून बघायची असते." त्यांनी ती उलटी केली. फुप्फुसांचे चार पांढरे ठिपके असतात, त्यातल्या वरच्या दोघांच्या मध्ये मादीला एक छोटी पिशवी असते. मी भिंग लावलं. तिथे काही नव्हतं, साफ कोरं. "मला इथे झडप दिसली होती," मी म्हटलं. त्यांनी कात पुन्हा सरळ केली आणि म्हणाल्या, "ही ना? ही घडी आहे. तुमच्या चिमट्याची." खरंच होती. माझ्या चिमट्याचं एक टोक जरा जास्त दाबतं, त्याची खूण मी कुठेही ओळखेन. स्वतःच पाडलेली घडी बघून मी मुलगी झाली म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानंतरच्या सहा काती उघडूनसुद्धा बघितल्या नाहीत. निकाल लागला होता ना!

असा तोंडघशी पडलोय. तू म्हणत होतीस तेच खरं होतं. माझी चूक झाली.

आता महत्त्वाचं. पंचवीस वर्षं नाहीत. शेवटच्या कातीनंतर नर वर्षभर जगला तर पुष्कळ, काही तीन-चार महिन्यांतच जातात. मी विचारलं, "काही औषध?" त्या म्हणाल्या, "म्हातारपणाला कसलं औषध?" त्यांच्या प्रयोगशाळेत याच जातीची एक मादी आहे. याला एकदा तिच्या पेटीत सोडावं अशी त्यांची इच्छा आहे, पण यात धोका आहे हेही त्यांनी लपवलं नाही. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जनावर तुझं आहे. तू ठरव. त्यांना फेब्रुवारीअखेर सांगायचंय.

एक चूक कबूल केली की दुसरीही करून टाकावी, म्हणून लिहितो. जावई पसंत करण्यातही माझी चूकच झाली. मनगटावर चावीचं घड्याळ, दर वर्षी न चुकता तेलपाण्याला आणणारा, रोज सकाळी एकाच वेळी चावी देणारा मुलगा. मला वाटलं, घड्याळ एवढं जपतो तो बायकोला जपेल. घड्याळजीच असं गाढवासारखं हुरळून जाऊ शकतो. माणूस ओळखण्यात चुकलो, ठके. तेवढंच लिहायचं होतं.

बाबा

ता. क. पाण्याची वाटी रोज भरतो. त्याची. (बघ, जमलं.)


४ फेब्रुवारी, बुधवार

ठके,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मी एका माणसाच्या घड्याळाला सेल घालत होतो, तो सेल अजून सापडलेला नाही.

'पाणी कायम ठेवावं. खाण्याची सक्ती करू नये. आकड्यांना हात लावू नये.' तू म्हणायचं की तुम्ही म्हणायचं, ही अडचण तू छान सोडवलीस, बागेतल्या पाटीवर लिहितात तसं. फुले तोडू नयेत. मी हसलो, खरंच. मग चौथी ओळ वाचली. 'चूक कसली?'

पहिल्यांदा वाटलं, मुलीने मोठ्या मनाने सोडून दिलं. चूक कसली बाबा, होतं असं कधीकधी. दोन दिवस मी तसंच वाचत राहिलो. आत्याला फोनवर वाचून दाखवलं, तीसुद्धा म्हणाली, "बघ, विसरली पोर." तिसऱ्या दिवशी दुकानात बसून पुन्हा वाचलं आणि मला नीट ऐकू आलं. तू विचारते आहेस. त्याला चूक म्हणतोस होय?

तर ऐक. हे मी आत्याला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही.

तीन वर्षांपूर्वी तू आली होतीस, मंगळवार होता. लांब बाह्यांचा कुर्ता. म्हणालीस, "बाबा, मला चार दिवस इथे राहू दे." मी विचारलं काय झालं, तू म्हणालीस काही नाही, आणि मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंस. टेबलावरून पडलं, काच गेली, म्हणालीस. तेवढं सांगून आत जाऊन बसलीस.

मी भिंग लावलं. घड्याळ टेबलावरून पडलं की काच कडेला टवका उडून फुटते, कारण पडताना ते कडेवर पडतं. तुझी काच मधोमध तडकली होती. तरी म्हटलं, असेल. मग पट्टा काढला. पट्टा ज्यांच्यावर बसतो त्या दोन बारीक पिना असतात. दोन्ही वाकल्या होत्या आणि दोन्ही एकाच बाजूला. छत्तीस वर्षं या टेबलाशी बसतोय. रिकामं घड्याळ कितीही उंचावरून पडलं तरी पिना अशा वाकत नाहीत. घड्याळ हातात असताना कोणीतरी मनगट पकडून पिरगाळलं तरच वाकतात.

मला कळलं होतं, ठके. दहा मिनिटांत कळलं होतं. तिथे कसली घडी नव्हती, आणि मी आतूनच बघत होतो.

मी काच बसवली. पिना बदलल्या. मशीन उघडून पुसून पुन्हा लावलं, त्याला काही झालेलं नव्हतं तरी. त्या कामाला अर्धा तास लागतो, मी दोन तास लावले. मग आत येऊन तुला म्हटलं, "चालू झालं. पट्टा एक भोक घट्ट लावत जा, सैल असला की पडतं." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी म्हटलं, "घरी वाट बघत असतील." चार दिवस राहायचं तू विचारलं होतंस, त्याला मी हो नाही म्हटलं, नाही नाही म्हटलं, सरळ तुझी पिशवी उचलली आणि तुला बसमध्ये बसवून आलो.

का, हे तू विचारशील. लोक काय म्हणतील हे होतंच, पण ते निमित्त. ते लग्न मी जमवलं होतं. तुझी आई असती तर तिने दोनदा विचारलं असतं, मी एका नजरेत हो म्हटलं. तेव्हा सगळीकडे शेखी मिरवली होती, माझी पारख आहे, माझी पारख आहे. त्या वाकलेल्या पिना खऱ्या मानल्या असत्या, तर ती पारख खोटी होती असं म्हणावं लागलं असतं. ते म्हणण्यापेक्षा तुला बसमध्ये बसवणं मला सोपं गेलं. बाकी काही कारण नाही. कोळ्याच्या बाबतीत मी चुकलो. तुझ्या बाबतीत मला बरोबर दिसलं होतं आणि मी कानाडोळा केला. पुढे सहा महिन्यांनी तू एकटीच तिथून बाहेर पडलीस आणि इकडे न येता भलत्याच गावी गेलीस, तेव्हा मी आत्याला म्हटलं, "मला काही कल्पनाच नव्हती." तिने विश्वास ठेवला.

क्षमा माग असं मला कोणी सांगितलेलं नाही आणि मागून काय होईल हेही कळत नाही. तुला चूक हा शब्द नको होता. दुसरा शब्द मला लिहवत नाही, पण तो मला माहीत आहे.

तो अजून हिंडतोय. काल झाकण उचलून चालायला लागला होता, वर एक जुना अलार्म ठेवलाय. मॅडमना काय सांगू, कळव. किंवा नको कळवूस.

बाबा


२० फेब्रुवारी, शुक्रवार

ठके,

आत्याने निरोप दिला. रविवारी, अकराच्या गाडीने, थेट कॉलेजात. मी स्टँडवर येऊ नये. येत नाही. पेटी घेऊन साडेदहापासून प्रयोगशाळेच्या दाराशी उभा असेन. ठरवायचं तू, मॅडमना तसं सांगितलंय.

पेटी रिक्षाने न्यायची की चालत, हेही तूच सांगायला हवं होतं असं वाटायला लागलंय, इतका मी सुधारलोय. चालत नेतो. धक्के कमी बसतात.

बाबा


२३ फेब्रुवारी, सोमवार

ठके,

काल तीन तास तू समोर होतीस आणि मी मोजून दहा-बारा वाक्यं बोललो, त्यातली सहा गाड्यांच्या वेळांबद्दल. म्हणून पुन्हा कागदावर आलोय.

तू बारीक झालीस. केस कापलेस, ते चांगले दिसतात. हे दारातच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "गाडी वेळेवर होती?" तू म्हणालीस, "हो," आणि सरळ पेटीपाशी बसलीस. खालून, वरून, बाजूने बघितलंस. "नरच," म्हणालीस. पाच वर्षांपूर्वी काय ठरलं होतं, त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाहीस. केला असतास तर मला बरं वाटलं असतं.

मग तू मॅडमना जे विचारलंस ते मी मागे उभा राहून ऐकत होतो.

"तिच्या पेटीतून याला बाहेर यायला वाट आहे?"

"आहे. हे दार मी उघडंच ठेवते. काम झालं की तो पळतोच."

"आणि ती अंगावर आली तर?"

"मी ब्रश घेऊन इथे उभी असते. मध्ये घालते."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. डोळ्याची पापणी लवत नाही माझी."

तू वाकून ते दार एकदा स्वतः उघडून-लावून बघितलंस. मला वाटलं, नाही म्हणतेस. तू म्हणालीस, "कोणी उभं राहणार असेल तर जाऊ दे त्याला." मॅडमना ते साधं वाक्य वाटलं असेल. मी त्याची पेटी उचलून त्या दारापाशी नेली.

तुला आठवत असेल, पण मला लिहू दे, कारण असं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. तो दारातच थबकला. पायाने माती चाचपली. मग लहान हातांनी जमिनीवर ठकठक ठकठक सुरू केली, थांबला, पुन्हा केली. आतून तिने उत्तर दिलं. तेव्हा कुठे तो एकेक पाऊल आत गेला. मला राहून राहून वाटत होतं, विचारतोय बिचारा. ती वर उठली, सुळे उघडले, आणि याने दोन्ही आकडे बरोबर तिथे घातले. मॅडम हळूच म्हणाल्या, "बघा, बसले." तेच आकडे, जे मी जानेवारीत चिमट्याने काढत होतो. त्या दोन मिनिटांत तू माझी बाही धरली होतीस. तुझ्या लक्षात नसेल, आणि असलं तरी मी त्याचा काही अर्थ काढत नाही.

मग त्याने सोडलं आणि तो पळाला, ती मागे झेपावली, ब्रश मध्ये आला. एका क्षणाचं काम. तो दारातून बाहेर, त्याला न्यायला तू आणलेल्या डब्यात. आठ पाय शाबूत. मॅडमनी कपाळ पुसलं आणि आपण तिघंही मूर्खासारखे हसलो.

त्यानंतर स्टँड. मी बरोबर आलो तर तू नको म्हणाली नाहीस. डबा मांडीवर घेऊन बाकावर बसलीस आणि तिसऱ्या फलाटावरची पाटी वाचत असल्यासारखी म्हणालीस, "तुझं पत्र वाचलं. मला माहीत होतं."

मी विचारलं, "काय?"

"तू बघितलंस ते. त्याच दिवशी कळलं. तू बसवून दिलंस त्या बसमध्ये मी घड्याळाकडे बघितलं. पिना नव्या होत्या, चकचकीत. म्हणजे जुन्या तू हातात घेतल्या होत्यास." मग म्हणालीस, "दोन थांबे मी मागच्या काचेतून बघत होते. वाटलं, आता कळलंय त्याला, येईल मागून."

गाडी लागली. मी तुझी पिशवी वर दिली आणि म्हटलं, "ही साडेतीनला पोचते ना?" देवा रे. ही माझी अक्कल.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी घरी आलो. त्याची रिकामी पेटी प्रयोगशाळेतून परत आणली होती, ती पुसली. आत पाण्याची वाटी राहून गेलेली दिसली. जीव लगेच हलका झाला, म्हटलं चला, वाटी द्यायला जाऊया. मग मलाच माझी लाज वाटली. वाटी फडताळात ठेवून कुलूप लावलं. तू त्याला दुसरी वाटी ठेवशीलच.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. दुकानाला आज कुलूप आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने आलो, पत्ता विचारत विचारत तुझ्या इमारतीपर्यंत पोचलो, आणि समोर जी शिवणकामाची शाळा आहे तिच्या पायरीवर बसून हे लिहितोय. हातात काही आणलं नाही. सांगायलाही नवीन काही नाही, सगळं लिहून झालंय. तीन वर्षं उशीर झालाय तेवढा धरून, मी मागून आलोय.

आता जिना चढून हे तुझ्या दाराखालून सरकवतो. दार वाजवणार नाही. पुन्हा खाली येऊन पायरीवर बसतो. तुझ्या खिडकीतून ती पायरी दिसते, मी बघून घेतलंय. परत जायची शेवटची गाडी साडेसहाला आहे, पण ती माझी अडचण. तुला आज कामावरून यायला उशीर होणार असेल, तर मी उद्याही इथे असेन.

बाबा